हिरवळीतील तण : ओळख व निवारण

मृगाच्या दोन-चार सरी पडून गेल्या आणि जमिनीला वाफसा आला म्हणजे आमच्या वऱ्हाडात निंदणाची चिंता सुरू होते. ती चिंता शेतापुरती होती तोवर तिचे उत्तरही ठरलेले होते. डवरा, विळा आणि निंदणाऱ्या बायांचे हात. अलीकडे मात्र हीच चिंता अंगणात येऊन बसली आहे. शहानूर नदीच्या दोन तीरांवरील आमच्या अंजनगाव-सुर्जीत पूर्वी वाड्यापुढे शेणाने सारवलेले अंगण असे. त्यावर सकाळी सडा पडे, रांगोळी निघे, आणि तणाला डोके वर काढण्यास जागाच उरत नसे. हिरवळ पाहावयाची तर अमरावतीस सरकारी बंगल्यांपुढे नाही तर चिखलदऱ्यास. आता गावाबाहेर नव्या वस्त्या झाल्या, घरे सुटी झाली, आणि घरापुढे चार हात जागा मोकळी राहिली की तेथे हिरवळ असावी असे प्रत्येकास वाटू लागले. वाटणे योग्यच आहे. उन्हाने पोळणाऱ्या आमच्या मुलखात डोळ्यांस व तळपायांस थंडावा देणारी यासारखी दुसरी स्वस्त वस्तू नाही.

परंतु हिरवळ लावणे निराळे आणि राखणे निराळे. आषाढ लागला की तीत शंभर प्रकारची रोपे उगवतात, घरधनी गांगरतो, आणि बाजारात जाऊन 'काही फवारावयाचे औषध द्या' असे सांगतो. आमच्या मते चुकीची सुरुवात येथेच होते. ज्याचे नाव ठाऊक नाही, ज्याचे मूळ कसे आहे, बी केव्हा धरते हे ठाऊक नाही, त्याचा बंदोबस्त कसा होणार? वैद्य नाडी पाहिल्यावाचून मात्रा देत नाही. यास्तव प्रथम ओळख व मागून निवारण, या क्रमाने आम्ही हा विषय वाचकांपुढे मांडीत आहो.

तण कशास म्हणावे?

'तण' हा शब्द संस्कृत 'तृण' या शब्दापासून आला आहे. मूळ शब्दात निंदेचा गंधही नाही. तृण म्हणजे गवत, एवढेच. पुढे शेतकऱ्याच्या तोंडी त्याला शत्रुत्वाचा अर्थ चिकटला. तो किती सापेक्ष आहे हे पाहावयाचे असेल तर दूर्वेचेच उदाहरण घ्यावे. देवघरात ती दूर्वा, श्रीगजाननाची अत्यंत प्रिय; तीच कपाशीच्या वावरात शिरली की 'हरळी', आणि हरळी व कुंदा लागलेले वावर म्हणजे शेतकऱ्याच्या कपाळी आठी. १९७७ साली लेरॉय होम या अमेरिकन शास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह जगातील अत्यंत उपद्रवी तणांचा एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात पहिला क्रमांक लव्हाळ्याचा व दुसरा हरळीचा आहे. म्हणजे शेतात जी जगातील दुसऱ्या क्रमांकाची वैरीण, तिलाच आपण अंगणात पाणी घालून वाढवितो! तात्पर्य, जी वनस्पती जेथे नको तेथे उगवते ती तेथील तण. तिच्या ठायी दोष नसतो. दोष स्थानाचा असतो.

यजुर्वेदात दूर्वेची जी स्तुती आहे तीत ती कांडाकांडातून व पेरापेरातून अंकुरते असे म्हटले आहे. ही नुसती स्तुती नव्हे, तर अचूक निरीक्षण होय. दूर्वेची धावती कांडी जमिनीवरून व जमिनीखालून पसरते; प्रत्येक पेरास खाली मुळे व वर कोंब फुटतात. म्हणूनच हरळी कुदळीने तोडली तर मरत नाही, तुकड्यांइतकी नवी रोपे होतात. शेतकऱ्याला रडविणारा हा गुण हिरवळ राखणाऱ्याच्या मात्र पथ्यावर पडतो. तणे काढून जी रिकामी जागा होते ती दूर्वा आपण होऊन भरून काढते. तणांशी झुंजणारा आपला खरा गडी दूर्वाच होय, हे सूत्र वाचकांनी आरंभीच ध्यानात धरावे. पुढील सारे उपाय त्यातूनच निघतात.

आमच्या काळ्या जमिनीस दूर्वेहून दुसरे गवत शोधू नये असेही आम्ही सुचवू. उन्हाळ्यात या मातीला हातभर खोल भेगा पडतात. त्या सोसून पहिल्या पावसाबरोबर पुन्हा हिरवे होण्याचे सामर्थ्य दूर्वेत आहे. दर्यापूरकडील खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी मचूळ असते. तेही ती बऱ्यापैकी सहन करते. तिला सोसत नाही ती एकच गोष्ट, सावली. निंबाच्या दाट छायेखाली दूर्वा विरळ होते आणि त्या विरळ जागी तणे शिरतात. तेथे हिरवळीचा हट्ट सोडून ती जागा सारवलेली किंवा फरशीची ठेवावी हे उत्तम.

तीन कुळे

हिरवळीतील तणांची नावे पुष्कळ असली तरी त्यांची कुळे तीनच. पहिले गवताचे. त्यांची कांडी गोल, पेरेदार, पाने लांब व अरुंद. दुसरे मोथ्याचे. ही दिसावयास गवतासारखी, परंतु दांडा दोन बोटांत धरून फिरविला तर तीन कडा हातास लागतात. गवताचा दांडा सहज फिरतो, मोथ्याचा अडखळतो. तिसरे रुंदपानी रोपांचे. पाने पसरट, शिरा जाळीदार, फुले बहुधा डोळ्यांत भरणारी. लहान मुलांसही ही परीक्षा पाच मिनिटांत शिकविता येते, आणि मुले ती आनंदाने शिकतात.

याशिवाय आयुष्याचा विचार करावा. काही तणे एका पावसाळ्याची धनी असतात; बी टाकून मरतात. त्यांचे बी होऊ दिले नाही की काम झाले. काही मात्र जमिनीखाली गाठ, कंद किंवा खोल मूळ राखून वर्षानुवर्षे जगतात. त्यांचा वरचा भाग उपटून उपयोग नाही. पहिल्यांशी वेळ साधून लढावयाचे, दुसऱ्यांशी चिकाटीने.

लव्हाळा

या दुसऱ्या वर्गाचा राजा लव्हाळा. महापुरात मोठाली झाडे उन्मळून जातात व नम्र लव्हाळा वाचतो, हा तुकोबांचा दृष्टांत घरोघर परिचयाचा आहे. परंतु लव्हाळा वाचतो तो केवळ नम्रतेने नव्हे, तर जमिनीखालील गाठींच्या बळावर. कापलेल्या हिरवळीत दोनच दिवसांत इतर गवताच्या वर डोके काढणारी, चकचकीत गर्द हिरवी, तीन-तीनच्या रांगेत पाने असलेली व पुढे तांबूस-जांभळट तुरा येणारी रोपे दिसली की ती लव्हाळ्याची समजावी. याच गाठीला आपण नागरमोथा म्हणतो. दिवाळीच्या उटण्यात तिचा सुगंध असतो आणि वैद्यांच्या काढ्यात तिचा मान आहे. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकात मृगयेस विराम देताना दुष्यंत रानडुकरांना डबक्यांतील मुस्ता खुशाल उकरू द्या असे म्हणतो. ती मुस्ता म्हणजे मोथाच. कालिदासाची दृष्टी किती बारीक होती पाहा!

लव्हाळ्याच्या गाठी बारीक दोऱ्यासारख्या मुळ्यांनी एकीस एक जोडलेल्या असतात, माळेत मणी ओवावेत तशा. शेंड्याची गाठ जिवंत असेतोवर मागच्या गाठी निद्रिस्त राहतात. आपण रोप ओढले की दोरा तुटतो, गाठ खालीच राहते, आणि निजलेल्या गाठी जाग्या होऊन एकाचे चार कोंब येतात. म्हणून ओढण्याने लव्हाळा वाढतो असे लोक म्हणतात, ते खोटे नाही. त्यावर उपाय दोन. जागा लहान असेल तर पाऊस पडून माती मऊ झाल्यावर अणकुचीदार खुरप्याने वीतभर खोल खणून गाठीसह रोप काढावे व ती माती चाळून घ्यावी. जागा मोठी असेल तर दर पंधरा दिवसांनी, न चुकता, कोंब जमिनीलगत खुडावा. नव्या कोंबास तीन-चार आठवड्यांत नव्या गाठी धरू लागतात. त्याआधीच खुडला तर जुन्या गाठीतील साठा खर्ची पडत जातो व दोन-तीन पावसाळ्यांत ती निःसत्त्व होते. येथे एका महिन्याचा आळस वर्षाचे श्रम बुडवितो. लव्हाळ्यास पाणी साचलेली जागा आवडते व सावली सोसत नाही. तेव्हा अंगणाचा उतार नीट करून पाण्याला वाट द्यावी आणि दूर्वा दाट वाढू द्यावी. नवी हिरवळ लावणाराने तर चैत्र-वैशाखात जमीन खणून ढेकळे उलथी करावी. आमच्या उन्हात उघड्या पडलेल्या गाठी वाळून मरतात.

रुंदपानी मंडळी

घोळ ही मांसल पानांची, तांबूस दांड्याची, जमिनीस चिकटून पसरणारी. हिची भाजी घरोघर होते. उपटून तेथेच टाकली तर ती मरत नाही. दांड्यातील ओलाव्यावर बी पिकविते आणि पाऊस लागला तर पुन्हा मूळ धरते. म्हणून ती सूपभर गोळा करून थेट स्वयंपाकघरात न्यावी हाच तिचा उत्तम बंदोबस्त.

केना निळ्या नाजुक फुलाचा. त्याची एक युक्ती फार थोड्यांस ठाऊक असते. वरच्या फुलांखेरीज त्याला जमिनीखालीही न उमलणारी फुले येतात व तेथेच बी धरते. वरून कितीही छाटा, खाली त्याचा संसार चालूच. तो मुळासकट, मातीच्या गोळ्यासह काढला पाहिजे. शिवाय त्याच्या तुटलेल्या पेरांसही मुळे फुटतात, तेव्हा तुकडे मागे राहू देऊ नयेत.

आंबुशीची तीन-तीन हृदयाकार पाने मुले आंबट म्हणून चघळतात. तिच्या शेंगा वाळल्या की स्पर्शासरशी फुटून बी हातभर उडते. बहुतेक घरी ती कुंड्यांतून हिरवळीत येते, म्हणून आधी कुंड्या स्वच्छ कराव्या. दुधी (भोपळ्याची वेल नव्हे, तोडताच चीक देणारी केसाळ तांबूस दांड्याची बुटकी वनस्पती) आणि पांढऱ्या-पिवळ्या एकेकट्या फुलाची एकदांडी, जिला कंबरमोडीही म्हणतात, या दोन्ही विरळ व तुडविलेल्या जागी हटकून येतात. त्या दिसल्या की येथे माती घट्ट बसली आहे असे समजावे आणि काट्याने किंवा पहारीने भोके पाडून ती मोकळी करावी. घेटुळीचे, म्हणजे पुनर्नवेचे, मूळ गाजरासारखे खोल जाते; ते अर्धे तुटले तर ती आपले नाव सार्थ करून पुन्हा नवी होते.

गोखरूविषयी मात्र हयगय नको. पिवळे पाच पाकळ्यांचे फूल, जमिनीवर चक्राकार पसरलेल्या फांद्या आणि त्यांवर काटेरी फळे. अनवाणी खेळणाऱ्या मुलाच्या पायात तो काटा शिरला म्हणजे हिरवळीचे सुख तेथेच संपते. फूल दिसताच मुळाशी धरून काढावा. फळ धरले असेल तर जुने गोणपाट त्या जागी दाबून फिरवावे. गळालेले काटे त्यास चिकटून येतात.

गवताच्या कुळातील रानसावा, रान-नाचणी वगैरे मंडळींसंबंधी विस्तार नको. ती दूर्वेहून रुंद पानांची, झुबक्याने वाढणारी असतात. तुरा येण्यापूर्वी झुबक्याच्या बुडाशी खुरपे घालून काढली की पुरे.

गाजरगवत

वरील सर्व तणे आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिलेली, निदान त्यांच्या परिचयाची. आता ज्याचे वर्णन करावयाचे ते मात्र परदेशातून आलेले व खरोखर अपायकारक आहे. गाजरासारखी कातरलेली पाने, पांढऱ्या बारीक फुलांचे घोस, कंबरेएवढी उंची, आणि रस्त्याकडेला, उकिरड्याशेजारी, पडीक जागी दाटी. हेच गाजरगवत किंवा काँग्रेस गवत. मूळ मेक्सिको व त्याच्या आसपासच्या प्रदेशातील ही वनस्पती १९५५ सालच्या सुमारास पुण्यात आढळल्याची नोंद झाली आणि पुढील काही दशकांत ती देशभर पसरली. अमेरिकेतून आयात केलेल्या गव्हाबरोबर तिचे बी आले असे सामान्यतः मानतात. एका झाडास पंधरा-वीस हजार बिया सहज येतात, त्या वाऱ्यावर व पाण्याबरोबर जातात, आणि उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात नवे झाड फुलावर येते.

याच्या स्पर्शाने कित्येकांच्या त्वचेस खाज, पुरळ व चट्टे येतात. परागांमुळे शिंका, सर्दी व दमा बळावतो. आज ज्यास काही होत नाही त्यास वारंवार स्पर्श झाल्याने दोन वर्षांनी होऊ लागते. घरात दमेकरी वृद्ध किंवा तान्हे मूल असेल तर अंगणालगत हे झाड क्षणभरही ठेवू नये. लहानपणी ते जमिनीस चिकटलेल्या पानांच्या चकतीसारखे दिसते. तेव्हाच, फूल येण्यापूर्वी, हातमोजे घालून मुळासकट उपटावे. हातमोजे नसतील तर प्लास्टिकची पिशवी हातावर चढवावी. कामाला मोलकरीण किंवा गडी लावला असेल तर त्याच्याही हातात मोजे द्यावे. आपली कातडी ती कातडी आणि परक्याची ती नव्हे, असा न्याय सुशिक्षितांस शोभत नाही. फुलावर न आलेली झाडे खताच्या खड्ड्यात टाकण्यास हरकत नाही. फुलावर आलेली टाकू नयेत.

निसर्गातही याचे वैरी आहेत. १९८४ साली बंगळूर येथे मेक्सिकोतून आणलेला एक भुंगा गाजरगवतावर सोडण्यात आला. पिवळसर पाठीवर काळ्या नागमोडी रेघा असलेला हा किडा पावसाळ्यात पाने खाऊन झाड उघडे पाडतो व उरलेला काळ जमिनीत निजून काढतो. तो दिसल्यास मारू नये. दुसरा वैरी आपल्या ओळखीचा, तरोटा. ज्याची कोवळी भाजी वऱ्हाडात पावसाच्या आरंभी आवडीने खातात, तो दाट उगवला की गाजरगवतास वर येऊ देत नाही. कुंपणाबाहेरच्या पडीक जागेत उन्हाळ्याच्या शेवटी तरोट्याचे बी फेकून ठेवावे. जबलपूर येथील तण संशोधन संचालनालयाच्या प्रेरणेने दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा आठवडा गाजरगवत निर्मूलनासाठी पाळतात; त्या आठवड्यात एका गल्लीतील सर्व घरांनी मिळून काम केले तर एकट्याच्या दहापट फळ मिळेल. शेजाऱ्याच्या कुंपणातले बी आपल्या अंगणात येतेच. येथे एकत्र कुटुंबाचा धर्म गल्लीस लावावा लागतो.

निवारणाचे सामान्य नियम

पहिला नियम, बी होऊ देऊ नये. बियांचे आयुष्य किती असते याचा एक विलक्षण प्रयोग अमेरिकेतील मिशिगन येथे चालू आहे. १८७९ साली विल्यम बील या प्राध्यापकाने अनेक तणांच्या बिया वाळूत मिसळून वीस बाटल्यांतून जमिनीत पुरल्या आणि ठरावीक वर्षांनी एकेक बाटली काढून पेरण्याची व्यवस्था केली. २०२१ साली, म्हणजे एकशे चाळीसहून अधिक वर्षांनी, काढलेल्या बाटलीतील काही बिया रुजल्या! पेरणारा गेला, त्याचे शिष्य गेले, बी मात्र वाट पाहत राहिले. आपल्या अंगणातही आज गळलेले बी आपल्या नातवास निंदावे लागेल, हे लक्षात ठेवावे.

दुसरा नियम, वाफसा साधावा. सरी पडून गेल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काळी माती ना चिखल ना दगड अशी असते. तेव्हा मूळ अखंड निघते. भर पावसात निंदले तर माती तुडवली जाऊन घट्ट होते, आणि उघाडीत निंदले तर दांडा हातात येऊन मूळ जमिनीत राहते.

तिसरा, हिरवळ मुंडू नये. गवत कापण्याचे यंत्र इंग्लंडात एडविन बडिंग याने १८३० साली काढले. तेव्हापासून गालिच्यासारखे भुईसपाट कापण्याची हौस जगभर पसरली. आमच्या उन्हात ती घातक आहे. दोन बोटे उंची राखावी व एका वेळी पातीचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग कापू नये. उंच व दाट दूर्वेखाली प्रकाश पोचत नाही, आणि प्रकाशावाचून बहुतेक तणांचे बी उगवतच नाही. पाणीही रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एक-दोनदा भरपूर द्यावे. रोजचा वरवरचा ओलावा तणाच्या कोवळ्या रोपास पोसतो, खोलवर गेलेला ओलावा दूर्वेस.

चौथा, कच्चे शेणखत घालू नये. गुरांनी खाल्लेल्या कित्येक तणांचे बी शेणातून जिवंत बाहेर येते आणि आपण खत म्हणून तेच पेरतो. इंदूर येथे अल्बर्ट हॉवर्ड यांनी यशवंत वाड यांच्या साहाय्याने कंपोस्ट खताची जी पद्धत सिद्ध केली व ज्यावर त्या दोघांचा ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला, तीत ढीग नीट रचून वेळोवेळी उलथापालथ केली जाते. आत उत्पन्न होणाऱ्या उष्णतेने पुष्कळसे बी मरते. घरच्या खड्ड्यातही हाच नियम पाळावा.

पाचवा, नव्या लावणीसाठी आमच्या उन्हाळ्याचाच उपयोग करावा. जमीन भिजवून तिच्यावर पातळ पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीने दाबाव्या व वैशाखात पाच-सहा आठवडे तसेच ठेवावे. खालची माती इतकी तापते की वरच्या थरातील बरेच बी नष्ट होते. ही रीत इस्राएलातील शास्त्रज्ञांनी १९७६ साली जगापुढे मांडली. तिला लागणारे ऊन आमच्या अकोला-अमरावतीइतके फुकट अन्यत्र क्वचितच मिळेल. लव्हाळ्याच्या गाठींवर मात्र हिचा पूर्ण भरवसा धरू नये.

औषधांविषयी

आता ज्या प्रश्नासाठी हा लेख लिहिण्यास आम्ही प्रवृत्त झालो तो. आमच्या परिचयाच्या एका सुशिक्षित गृहस्थांनी दुकानातून तणनाशकाची बाटली आणून आषाढात हिरवळीवर फवारली. दहा-बारा दिवसांत सारे अंगण पिवळे झाले. तणांबरोबर दूर्वाही गेली. भाद्रपदात मोकळ्या झालेल्या जागेत प्रथम उगवला तो लव्हाळा! चतुर्थीस एकवीस दूर्वांच्या जुडीसाठी त्यांच्या घरच्या मुलींना दुसऱ्याच्या दारी जावे लागले.

ग्लायफोसेट नावाचे जे द्रव्य सर्वत्र परिचित आहे ते तण आणि गवत असा भेद करीत नाही. जे हिरवे त्यास मारते. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने त्यास 'मनुष्यास बहुधा कर्करोगकारक' या वर्गात घातले; अन्य कित्येक देशांच्या नियामक संस्थांस हे मत मान्य नाही. आपल्या केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये आदेश काढून त्याचा वापर परवानाधारक कीडनियंत्रकांपुरताच मर्यादित ठेवण्याचे ठरविले. वाद शास्त्रज्ञांनी मिटवावा. परंतु ज्या हिरवळीवर बालक लोळते, गाय चरते आणि देवासाठी दूर्वा खुडल्या जातात, तेथे संशयाचा फायदा बाटलीस न देता बालकास द्यावा, हे सांगण्यास शास्त्रज्ञ होण्याची गरज नाही.

दुसरे द्रव्य टू-फोर-डी. हे रुंदपानी रोपांस मारते व गवत राखते, म्हणून हिरवळीस योग्य असे सांगतात. ते खरेही आहे. परंतु आमच्या गावी त्याला मोठा अडथळा आहे. कपाशीचे झाड या द्रव्यास अतिशय नाजुक. वाऱ्याने तुषार किंवा वाफ गेली तरी तिची पाने आकसून बोटांसारखी होतात व पीक बसते. अंजनगावचे वैभव म्हणजे बारी बांधवांचे पानमळे व पिंपळीचे मळे. तीही पिके रुंदपानीच. गावाच्या कडेस आपले अंगण, त्यापलीकडे कुणाचे वावर. आपल्या चार हात हौसेपायी दुसऱ्याच्या वर्षाच्या भाकरीवर तुषार उडविण्याचा आपणांस अधिकार नाही. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसाहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, ही गोष्ट वऱ्हाडातील कोणीही विसरू नये. ती द्रव्ये निराळी होती. परंतु वाऱ्याची दिशा न पाहणारा निष्काळजीपणा सर्व द्रव्यांस सारखाच. पॅराक्वाटसारख्या तणनाशकाचा तर अल्प घोटही प्राणघातक ठरतो व त्यावर उतारा नाही. असली बाटली घरात, फळीवर सरबताशेजारी, कदापि नसावी.

कोणी मिठाचे पाणी घालण्यास सांगतात. मिठाने रोप मरते हे खरे, पण मीठ जमिनीतून जात नाही. त्याच्या योगे काळी माती चिकट, घट्ट व पाणी न मुरणारी होते. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातील शेतकऱ्यास निसर्गाने दिलेले दुःख आपण पिशवीने विकत आणू नये. फरशीच्या सांधीत उकळते पाणी ओतले तरी काम होते.

उपसंहार

तक्षशिलेस जीवकाला गुरूंनी निरुपयोगी वनस्पती शोधून आणण्यास पाठविले आणि तो रिकाम्या हाताने परत आला, ही बौद्ध ग्रंथांतील कथा प्रसिद्ध आहे. आपल्या आजीबाईंनाही हे ठाऊक होते. श्रावणी शुक्रवारी जिवतीला आघाडा-दूर्वांची माळ लागते. गणेशाच्या एकवीस पत्रींत आघाडा, माका, डोरली, धोतरा असतो. ऋषिपंचमीस बैलाच्या श्रमावाचून उगवलेलेच खावयाचे, म्हणजे आपोआप रानभाज्यांची ओळख राहते. या व्रतांनी वर्षातून निदान तीनदा घरातील मुलीबाळींस तणांची नावे पाठ करविली. आता पत्रीची पुडी बाजारातून येते, आघाडा कोणता हे विचारले तर मोठी माणसेही एकमेकांकडे पाहतात, आणि मग अंगणातील प्रत्येक अनोळखी पान शत्रू वाटू लागते. नाव विसरले की भय वाढते, आणि भय वाढले की बाटलीकडे हात जातो.

यासाठी आमची सूचना साधी आहे. चैत्र-वैशाखात खणणी व लावणीची तयारी; ज्येष्ठात पहिली निंदणी; आषाढ-श्रावणात दर पंधरा दिवसांनी अर्धा तास; भाद्रपदात बी धरण्यापूर्वी एक अखेरची झडती; कार्तिकानंतर केवळ कापणी व पाणी. हा अर्धा तास गड्यावर न टाकता आजोबा-नातवंडांनी, सासू-सुनांनी मिळून द्यावा. एकेक रोप हातात घ्यावे, त्याचे नाव घ्यावे, खाण्याचे स्वयंपाकघरात, पूजेचे देवघरात, औषधी सावलीत वाळत आणि उरलेले खताच्या खड्ड्यात घालावे. दोन पावसाळ्यांत हिरवळ स्वच्छ होईल, आणि घरातील लहानांस पंचवीस-तीस वनस्पती नावानिशी ओळखता येतील. यांतील दुसरा लाभ पहिल्याहून मोठा आहे.